हळदीतली शकी

दादा, परवा तुझ्या दहाव्याला एवढी माणसं जमली आणि एकानेही गांजाचं नाव काढलं नाही.

सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, तुझ्या पलटणीतला एक पेन्शनर पदकं लावून आला होता, तोही बोलला. तू शूर होतास, शिस्तीचा होतास, गावात पाटाचं पाणी यावं म्हणून तू कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेस. सगळं खरंच आहे. मी मान हलवत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, ह्यांतली निम्मी माणसं त्या दिवशी कोर्टात मागच्या बाकांवर तोंडात उपरणं कोंबून हसत होती, ती आज एवढी गंभीर कशी झाली? तू आयुष्यात एकच गोष्ट तहानभूक विसरून केलीस, आणि वर तिला माझं नाव दिलंस. ती वगळून तुझ्याबद्दल बोलायचं म्हणजे जेवणाचं ताट वर्णन करताना भाकरीच विसरायची. म्हणून मीच लिहायला बसले.

एकाहत्तरची लढाई संपल्यावर तू कायमचा घरी आलास तेव्हा एक पाय जरा ओढत होतास. ट्रंकेतून तू वहिनीला लोकर काढून दिलीस, मला अक्रोड दिलेस, आणि बूटपॉलिशची एक जुनी डबी मात्र परत ट्रंकेत ठेवलीस. मी विचारलं तर म्हणालास, पहाडी मिरचीचं बी आहे. मी सांगलीच्या परसात लावायला मूठभर मागितलं, तर डबी छातीशी धरलीस. तेव्हाच मला संशय यायला हवा होता, कारण त्याआधी तू मला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतंस.

तुला झोप येत नाही हे मला वहिनीकडून कळलं. दिवसा तू ठणठणीत असायचास, पण अंथरुणाला पाठ टेकली की डोळे उघडे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या भलत्याच वेळी लागू पडायच्या. एकदा भर दुपारी तू औतामागे उभ्या उभ्या झोपलास, बैलं आपली आपण घरी आली आणि वहिनी तुला शोधत रानात गेली. मग तू टेकडीवरच्या मठात गोसावीबुवांकडे गेलास. बुवांनी तुला आपला गावठी गांजा दिला. त्यानं झोप आली नाहीच, उलट आपल्या लहानपणी मेलेल्या सर्जा बैलाची आठवण काढून तू दिवसभर रडलास. पुढं डबीतल्या बियांची चार रोपं वाढवलीस आणि तोही माल ओढून पाहिलास. त्याची तऱ्हा वेगळी. तू सोप्यात बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहिलास, आणि वहिनीनं काय बघताय म्हणून विचारलं तर म्हणालास, भिंत लय चांगली हाय.

एक रडवतं आणि एक खिळवतं. तुला हवं होतं दोघांच्या मधलं.

आणि ती वर्षंही तशीच होती. दुष्काळ नुकताच सरला होता आणि जिकडं तिकडं हायब्रीड सुरू झालं होतं. ज्वारी हायब्रीड, बाजरी हायब्रीड, गाय हायब्रीड. भाकरी चिवट झाली की बायका म्हणायच्या, हायब्रीडची हाय. पोरगं उलट बोललं की म्हणायच्या, हे बी हायब्रीडच निघालं. चावडीत ग्रामसेवक तक्ते टांगून संकराचं महत्त्व सांगायला आला, तेव्हा बाकीचे लोक जांभया देत होते आणि तू पुढं बसून विचारत होतास की नराची धूळ मादीवर नेमकी कवा टाकायची, आणि दुसऱ्याची धूळ येऊ नये म्हणून काय बांधायचं. ग्रामसेवक एवढा खूश झाला की शेजारच्या गावांतून तो तुझं नाव प्रगतिशील शेतकरी म्हणून घ्यायला लागला. बिचाऱ्याला वाटलं तू ज्वारीबद्दल विचारतोयस.

मला हे सगळं कळलं ते भाऊबीजेला. ओवाळून झालं, आणि तू म्हणालास, चल शके, रानात तुला ओवाळणी दाखवतो. मी नवी साडी सावरत तुझ्या मागून हळदीच्या रानात शिरले. हळद कमरेएवढी झाली होती. मधोमध पोचलो तसा असा काही वास आला की मी पदर नाकाला लावला. पिकलेला पेरू, त्यात थोडं रॉकेल, आणि वर ओल्या गुळाची ढेप फोडल्यासारखं काहीतरी. तू पानं बाजूला केलीस. हळदीच्या दोन सरींमध्ये हळदीच्याच उंचीची, दाट, फांदीफांदीला चिकट तुरे आलेली झाडं उभी होती. देठ जांभळट, पान हाताच्या पंजासारखं रुंद.

मी म्हटलं, "दादा, हा गांजा हाय."

तू म्हणालास, "गांजा न्हवं. हायब्रीड गांजा."

आणि मग तू मला समजावून सांगायला लागलास, जसा तू लहानपणी मला पोहायला शिकवायचास, मी ऐकतेय की नाही हे न बघता. गावठी झाड ताडमाड वाढतं, हळदीच्या वर डोकं काढतं आणि रस्त्यावरनं दिसतं. पहाडी झाड बुटकं, लवकर तयार होणारं, पण आपल्या पावसात त्याचे तुरे कुजतात. म्हणून तू गावठी मादी घेतलीस आणि पहाडी नर, आणि वहिनीच्या जुन्या पातळाचा आडोसा बांधून दोघांचं लग्न लावलंस. पहिल्या पिढीत सगळी झाडं एकजात उंच निघाली. त्यांचं बी पुन्हा लावलंस तर काय सांगावं, एका आईची लेकरं पण एकाचं तोंड एकाला नाही. एक पैलवान, एक कारकून, एक नुसताच पाला. त्यातनं तू निवड केलीस. बुटकं हवं, पावसात टिकणारं हवं, आणि ओढल्यावर माणूस रडू नये, भिंतीकडं बघू नये, गप झोपी जावा.

"हिचं नाव शकी-दोन," तू म्हणालास.

मी विचारलं, माझं नाव का?

"बुटकी हाय. वास तिखट हाय. आन कुठं बी लावली तरी वाढतीया."

मी त्या दिवशी तुझ्याशी जेवतानाही बोलले नाही. पण सांगलीच्या गाडीत बसल्यावर मला आठवलं. माझं लग्न शहरात ठरलं तेव्हा सगळं गाव म्हणत होतं, पोर तिथं सुकून जाईल. तू एकटाच म्हणाला होतास, आमची शकी कुठं बी रुजंल. एवढी वर्षं ते तुझ्या लक्षात होतं आणि ते सांगायला तुला गांजाचं झाड लागलं. तुझ्यासारखा भाऊ असला की माणसानं रागवायचं तरी कुठवर.

शकी-एकचं काय झालं, हे मी नंतर एकदा विचारलं होतं. तू म्हणालास, ती लय उंच झाली, कामाची न्हवती.

उंचीचा प्रश्न तू सोडवलास, पण वासाचा विचार केला नाहीस. तुरे पिकायला लागले तसा तो वास बांध ओलांडून सडकेवर आला. रहिमतपूरच्या एस.टी.चा कंडक्टर आपल्या रानाजवळ गाडी आली की खिडकीतनं डोकं बाहेर काढायचा. माणसं विचारायची, हनमंतराव, हळदीला ह्या वर्षी कसला वास येतोय? तू सांगायचास, नवं खत हाय. दोघा-तिघांनी तुझ्याकडं त्या खताचं नावसुद्धा विचारलं.

ते आणीबाणीचे दिवस. कचेऱ्या वेळेवर उघडायच्या आणि उघडल्यावर काहीतरी करून दाखवावं लागायचं. नवे आलेले फौजदार एका सकाळी दोन शिपाई घेऊन वासाच्या मागावर आपल्या रानात आले. तू पाटावर होतास. रानात होती वहिनी, भांगलण करत. फौजदारांनी झाडाला काठी लावून विचारलं, हे काय आहे? वहिनीनं जन्मात कधी पोलिसाला खोटं सांगितलं नव्हतं आणि खरं काय हे तिला पुरतं ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "त्ये व्हय? ती शकी हाय. आमच्या वन्संचं नाव दिलंय."

पंचनाम्यात ते जसंच्या तसं उतरलं. पुढं तो कागद माझ्या नवऱ्याच्या हातात आला. सांगलीच्या आमच्या घरी, झोपाळ्यावर बसून, चष्मा नाकावर घेऊन ते मोठ्यानं वाचत होते आणि मी पोळ्या लाटत होते. "सदर बेकायदा वनस्पतीस आरोपीने आपल्या सख्ख्या बहिणीचे नाव दिले असल्याचे आरोपीच्या पत्नीने स्वखुशीने सांगितले." त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मी लाटणं चालू ठेवलं.

तू त्यांना दाजी म्हणायचास आणि मनातून थोडा भ्यायचास, कारण ते तुझ्या दुप्पट जाड होते आणि निम्मं बोलायचे. त्यांनी आयुष्यभर वाटणीचे दावे चालवले होते. बांध, विहीर, सामायिक भिंत, ह्यापलीकडं त्यांचा कायदा कधी गेला नव्हता. पण मेव्हणा आहे म्हटल्यावर दुसऱ्या वकिलाकडं जाऊ द्यायला ते तयार नव्हते. शिवाय गोष्ट साधी नव्हती. शिक्षा झाली तर तुझी पेन्शन जाईल अशी धास्ती होती, आणि पलटणीतल्या माणसाला पेन्शन म्हणजे काय असतं ते आपल्या जिल्ह्यात सांगायला नको. ते एक आठवडा पुस्तकं चाळत बसले. मग एके दिवशी बाजारातनं मी भाजी आणली, तिची जुडी त्यांनी हातात घेतली, पानं बोटांनी उलगडून बघितली आणि त्यांचा चेहरा उजळला. ती अंबाडीची जुडी होती.

खरं आहे, दादा, तू मानलं नाहीस तरी. अंबाडीचं पान आणि गांजाचं पान, नवख्याला फरक कळत नाही. आणि जप्त केलेली झाडं ठाण्याच्या ओलसर खोलीत पडून बुरशी लागून गेली होती. तपासायला पाठवलेल्या नमुन्यावर उत्तर आलं की नमुना खराब झाल्यामुळे निश्चित मत देता येत नाही. आता उरलं होतं फक्त माणसांचं बोलणं. दाजींनी गावी आपल्या घरी येऊन, सोप्यात बसून, तुला शांतपणे सांगितलं की तुम्ही काही करायचं नाही. तुम्ही गप्प राहायचं. विचारलंच तर म्हणायचं, अंबाडी आहे.

तू आधी हसलास. तुला वाटलं ते चेष्टा करतायत. मग कळल्यावर तुझा चेहरा असा झाला की जणू कुणी तुझ्या पलटणीचा झेंडा पायपुसणं म्हणून मागितलाय.

"दाजी," तू म्हणालास, "तुमच्या पोराला कुणी रेडकू म्हटलं, तर तुमी गप बसाल?"

दाजी म्हणाले, रेडकू म्हटल्याने पोरगा सुटणार असेल तर बसेन.

त्यावरनं तुमचं जे सुरू झालं ते जेवणं थंड होईपर्यंत. तू म्हणत होतास तीन वर्षं खपून मी वाण काढला, पावसात कुजत नाही, कीड नाही, आणि तुम्ही त्याला भाजी म्हणताय. ते म्हणत होते की कोर्टापुढं वाण नाही, माणूस उभा आहे. शेवटी मी मध्ये पडले. माझ्या गळ्याची शपथ घातली, कोर्टात तोंड उघडायचं नाही. तू माझ्या गळ्याकडं बघितलंस, जसा काही तो गळा किती मोलाचा आहे ह्याचा अंदाज घेत होतास, आणि कबूल झालास.

तालुक्याच्या कोर्टात त्या दिवशी आपलं अर्धं गाव आलं होतं. तू इस्त्रीचा शर्ट घालून, सावधानमध्ये, पिंजऱ्यात उभा. फौजदारांनी साक्ष दिली, तू गप्प राहिलास. दाजींनी त्यांना विचारलं की आपण अंबाडीची भाजी खाता का, त्यांनी सांगितलं की ते मूळचे शहरातले, त्यांच्या घरी खात नाहीत. दाजी म्हणाले, एवढंच विचारायचं होतं. तरीही तू गप्प राहिलास. तुझी बोटं पिंजऱ्याच्या दांडीवर पांढरी पडली होती, पण तू गप्प होतास. मी दुरून माझ्या गळ्याला हात लावून तुला आठवण देत होते.

मग सरकारी वकिलांनी गोसावीबुवांना उभं केलं. त्यांचा हिशोब बरोबर होता. अख्ख्या तालुक्यात गांजा ओळखणारा ह्यांच्याहून मोठा जाणकार नव्हता, आणि पहिल्या तुऱ्याची चिलीम तू बुवांनाच ओढायला दिली होतीस हे एव्हाना सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. बुवा जटा बांधून, स्वच्छ छाटी नेसून आले होते. त्यांना विचारलं की आरोपीच्या रानातली वनस्पती तुम्ही ओढून पाहिली का. बुवा म्हणाले, पाहिली. विचारलं, तो गांजा होता का.

बुवांनी वर छताकडं बघितलं. मग म्हणाले, "न्हाई. नुसता धूर. खोकला आला, दुसरं काय न्हाई. अंबाडीचा पाला वढल्यागत झालं."

दाजी खुर्चीत मागे रेलले. त्यांच्या तोंडावर समाधान पसरलं. खटला तिथंच संपला होता. आणि तू, माझ्या गळ्याची शपथ घेतलेला माझा सख्खा भाऊ, पिंजऱ्यातनं गरजलास.

"बुवा, खोटं बोलू नगा. पयल्या चिलमीलाच तुमी मठाच्या पायरीवर बसून मुंगीसंगं बोलत हुता. म्या सोता ऐकलंय."

मागच्या बाकांवर पहिल्यांदा उपरणी तोंडात गेली ती तेव्हा. बुवा अजिबात डगमगले नाहीत. त्यांनी तुझ्याकडं मायेनं बघितलं आणि म्हणाले, "मुंगीसंगं म्या रोजच बोलतो."

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी टेबलावर हात आपटून शांतता केली. ते वयस्क होते, शेतकऱ्याच्या घरातले असावेत. त्यांनी तुला विचारलं की मग तुमच्या म्हणण्याप्रमाणे ती वनस्पती काय आहे. दाजी उठून उभे राहिले, साहेबांना काही सांगणार तेवढ्यात तू सगळं सांगून टाकलंस. गावठी मादी, पहाडी नर, वहिनीचं पातळ, पहिली पिढी, दुसरी पिढी, पैलवान आणि कारकून. झोप येत नाही म्हणून स्वतःपुरती लावली, एक काडी कुणाला विकली नाही. साहेब ऐकत राहिले. लेखनिकानं लिहायचं थांबवलं तरी त्यांनी त्याला टोकलं नाही. शेवटी त्यांनी एकच विचारलं, मधल्या झाडांमुळे हळदीच्या उताऱ्यावर काही परिणाम झाला का. तू म्हणालास, "हळद झकास आली, साहेब. कीड म्हनून न्हाई."

लढाईतला माणूस, स्वतःपुरती झाडं, आणि कबुली मागितल्याशिवाय दिलेली. साहेबांनी किरकोळ दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद सुनावली. म्हणजे संध्याकाळपर्यंत तिथंच बाकावर बसून राहायचं. पेन्शनला धक्का लागला नाही. दाजींनी कागद गोळा केले, तुझ्याकडं न बघता बाहेर गेले आणि झाडाखाली एकटेच उसाचा रस पीत उभे राहिले. जिंकलेला दावा अशिलानं हातातनं काढून घेतला असं त्यांच्या बाबतीत आधी कधी झालं नव्हतं.

तुझी कैद मी तुझ्याबरोबर भोगली. वहिनीनं दिलेली भाकरी आणि लसणाची चटणी आपण त्या बाकावर बसून खाल्ली. शिपाई आडवा यायचा सोडून आपल्या चटणीत भाकरी बुडवत होता. मी तुला शपथेवरनं चार शब्द सुनवायला तोंड उघडलं, पण तुझं लक्षच नव्हतं. शिक्षेचं तुला काही वाटत नव्हतं.

"शके," तू म्हणालास, "मुंगीसंगं त्यो रोजच बोलतो व्हय गं?"

मी म्हटलं, असेल. गोसाव्याचं काय सांगावं.

तू भाकरीचा तुकडा मोडलास. मग म्हणालास की बुवांनी नापास केला म्हणजे वाण नापास. त्यांच्यावर कुणाचा दाखला लागत नाही. तुला स्वतःला तरी झोप कुठं आली होती. तुला वाटलं होतं दोष तुझ्यात आहे, माल चांगला आहे. आता कळलं, मालच वाईट.

आणि मग तू मला ते सांगितलंस जे तू वहिनीलाही सांगितलं नव्हतंस. फलटणकडचा एक शिपाई पाच वर्षं तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. तो असा घोरायचा की बर्फातसुद्धा तंबू हलतो असं बाकीचे म्हणायचे. सगळ्यांनी तक्रारी केल्या, तू रोज त्याला बूट फेकून मारायचास. लढाईत तो गेला. "त्या दिसापासनं लय शांत हाय बग," तू म्हणालास. "एवढ्या शांततेत माणसाला झोप कशी लागायची?"

मी हातातली भाकरी खाली ठेवली. मला हसूही येत होतं आणि दुसरंही काही येत होतं, आणि शिपाई जवळ बसलेला. मग साहेब उठले, कोर्ट उठलं, आणि तू सुटलास.

उरलेलं बी तू कोंबड्यांना टाकलंस. पुन्हा ते झाड लावलं नाहीस. दाजींशी मात्र बोलणं सोडलंस. भर कोर्टात माझ्या वाणाला अंबाडी म्हणाले, हे तुझं गाऱ्हाणं. जिंकलेला खटला घालवला, हे त्यांचं. तुला सोडवायला आलेला माणूस तुझा वैरी झाला आणि तुझ्यावर खटला भरणाऱ्या फौजदारांना तू पुढच्या वर्षी हळद पाठवलीस, त्यांनी निदान गांजाला गांजा म्हटलं होतं म्हणून. भाऊबीजेला मी गावी यायची ती एकटी.

पुढं तुझा पाय सुजला आणि मिरजेला दाखवायचं ठरलं, तेव्हा तुला आमच्याकडं उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तू आलास, दाजींना रामराम घातलास आणि भिंतीकडं तोंड करून बसलास. घर लहान, तुझं अंथरूण बाहेरच्या खोलीत त्यांच्या अंथरुणाशेजारीच घातलं. सकाळी मी दोन कप चहा घेऊन बाहेर आले. ऊन खिडकीतनं आत आलं होतं. दाजी लाकडाची वखार चालू असावी तसे घोरत होते, खिडकीची तावदानं थरथरत होती. आणि त्यांच्या शेजारी तू, तोंड उघडं, हात पसरलेले, ढाराढूर झोपला होतास. मी तिथंच उभी राहिले. चहा गार झाला तरी मी कुणाला उठवलं नाही.

त्यानंतर तू दर महिन्याला सांगलीला यायला लागलास. कधी पायासाठी, कधी खतासाठी, कधी हळदीचा भाव बघायला. खरं कारण तू बोलला नाहीस आणि मीही दाजींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते मुद्दाम घोरायला गेले असते आणि सगळं बिघडलं असतं. अंथरुणावर पडल्या पडल्या तुम्ही दोघं वाद घालायचात. आतून मला ऐकू यायचं. अंबाडी. गांजा. अंबाडी. मग एकाचा आवाज बंद व्हायचा आणि दुसऱ्याचा सुरू व्हायचा, पण तो बोलण्याचा नसायचा. तो वाद तुम्ही मिटवला नाहीत. मला वाटतं मिटवायची तुमची इच्छाच नव्हती.

आज सकाळी गोसावीबुवा आले, दादा. दहाव्याला माणसांत आले नव्हते. आता पार थकलेत, काठी टेकत टेकडी उतरून आले आणि ओट्यावर बसले. वहिनीनं पाणी दिलं. बुवा मला म्हणाले की बाई, एक ओझं हाय, ते उतरवून जातो. कोर्टात ते खोटं बोलले होते.

ते म्हणाले, जन्मात एकदाच खोटं बोललो, हनमंतासाठी, आणि ते बी त्यानं वाया घालवलं.

मला राग आला. मी विचारलं, मग नंतर तरी त्याला का नाही सांगितलं? तो मनात झुरत गेला, माल वाईट म्हणून. बुवा म्हणाले, सांगितलं असतं तर त्यानं दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला असता, आणि दुसऱ्या वेळी साहेबांनी त्याला सोडला नसता. हे खरं होतं.

मग मी आवाज हळू करून विचारलं की खरंच चांगला होता का.

बुवांनी डोळे मिटले. त्यांच्या तोंडावर काहीतरी उमटलं, ते मी देवळात सुद्धा फार कमी बघितलंय. "अव्वल," ते म्हणाले. "बाई, मुंगीसंगं म्या रोजच बोलतो. पर त्या दिशी ती बी बोलली."

तू पास झालास, दादा. पहिल्या नंबरानं. तू असतास तर आजच्या गाडीनं तालुक्याला गेला असतास आणि खटला पुन्हा उघडा, मला पुरी शिक्षा द्या म्हणून साहेबांच्या दारात बसला असतास, ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. मी हसायला लागले ते मला थांबवता येईना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. वहिनी माझ्या पाठीवरनं हात फिरवत बसली.

दाजी आत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते बाहेर आले, बुवांना नमस्कार केला, आणि परत आत गेले. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं, त्यांचा बचाव मुळापासून खोटा ठरला म्हणून. थोड्या वेळानं मी आत डोकावले. त्यांनी खुंटीवरचा आपला वकिलीचा काळा कोट अंगात घातला होता, उकाड्यात, गळ्यापर्यंत बटणं लावून. ते तुझ्या हार घातलेल्या फोटोपुढं उभे होते, कोर्टापुढं उभे राहतात तसे, दोन्ही हात समोर जुळवून. मी दारात आहे हे त्यांना कळलं नाही.

त्यांनी घसा साफ केला.

"हनमंतराव," ते म्हणाले, "अंबाडी हा शब्द मी मागे घेतो."